नागपंचमी, बत्तीस शिराळा आणि ‘अंधश्रद्धा’ हा शब्द

कृष्णाकाठ (सांगली):
परवा जेवताना बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा विषय निघाला. ‘ती निव्वळ अंधश्रद्धा आहे,’ असे माझा मुलगा म्हणाला आणि शिराळा माहेर असलेल्या माझ्या थोरल्या वहिनी ताटावरून उठल्या. जिवंत नाग पकडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि उच्च न्यायालयाने ती पाळायला लावली, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र महाजनांच्या घरी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला गोरक्षनाथांनी ‘जिवंत नागाची पूजा करशील का?’ असे विचारले, ही कथा ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांच्याशी बोलताना पहिलाच शब्द निकालाचा असू नये, असे माझे मत आहे.

अजिंक्यतारा (सातारा):
असहमत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये जी समिती स्थापन केली तिच्या नावातच हा शब्द आहे, आणि आम्हा सातारकरांना तो शिवीसारखा कधी वाटला नाही. दूध हे सापाचे अन्न नाही, हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो म्हणून ते सांगायचेच नाही का? जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० माणसे गेली. त्या अरुंद वाटेबद्दल आणि गर्दीबद्दल कोणी आधीच ठणकावून विचारले असते, तर तो काळूबाईचा अपमान ठरला नसता. आदराच्या नावाखाली प्रश्नच गिळले जातात, ही माझी खरी तक्रार आहे.

मोरणाकाठ (शिराळा):
मांढरदेवीचा दाखला इथे लागू होत नाही. तिथे प्रश्न गर्दीच्या व्यवस्थेचा होता, श्रद्धेचा नव्हे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पकडलेला नाग पंचमीनंतर जिथला तिथे सोडत असत, आणि एरवीही नाग दिसला तर काठी उचलत नसत. इतर गावांत वर्षभर साप ठेचले जातात, त्यांवर कोणी व्याख्यान देत नाही. आमच्या वाट्याला मात्र उपदेश दरवर्षी येतो, तोही बहुधा शिराळ्यात कधी पाऊल न टाकलेल्यांकडून.

अजिंक्यतारा:
दुसरीकडे साप मारतात म्हणून तुमच्याकडे पकडणे योग्य ठरत नाही. मडक्यात कोंडलेल्या, मिरवणुकीत गर्दीपुढे धरलेल्या नागाला कोणता त्रास होतो, हे तुमच्या उत्तरात कुठेच आले नाही. काठी न उचलण्याची तुमची रीत मात्र मला माहीत नव्हती. ती मी मोलाची मानतो आणि उपदेशाबद्दलचा राग अर्धा मान्य करतो.

मोरणाकाठ:
त्रास होतो, हे नाकारत नाही. आता आमच्या घरी मातीचाच नाग पुजतो. पण ते आम्ही स्वतःहून केले असते की कायद्याने करावे लागले, याचे उत्तर मलाही सोपे नाही.

कृष्णाकाठ:
काल वहिनींशी बोललो. ‘नाग पकडू नयेत, हे मलाही पटतं, पण ते सांगताना त्यानं माझ्या आईला अडाणी का ठरवावं?’ असे त्या म्हणाल्या. मुलाला हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

अजिंक्यतारा:
वहिनींना पटते, हे वाचून बरे वाटले. त्या हे माहेरी कधी बोलल्या आहेत का, तेवढे विचारून कळवा.