क्लबचे पॉइंट्स देऊन क्रूझ : परवडून राहिलं का कोणाला?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका हॉलिडे क्लबची लांब मुदतीची मेंबरशिप आहे (नाव नाही लिहत, उगाच लफडं नको), दरवर्षी पॉइंट्स मिळतात आणि ते देऊन रिसॉर्टची खोली घ्यायची. मॉलमध्ये चिठ्ठी भरली होती, मग फोन आला की गिफ्ट लागलं, नवरा-बायको दोघांनी या, इथे नागपुरात सदरच्या एका हॉटेलात जेवण आणि प्रेझेंटेशन, ज्यांनी हे भोगलं त्यांना पुढचं सांगायला नको. तिथे जहाजाचा भिंतभर फोटो लावला होता आणि "पॉइंट्सवर क्रूझ" हे आमच्या हिच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

आता लग्नाचा पंचविसावा येऊन राहिला म्हणून सिंगापूरहून निघणारी ४ रात्रींची क्रूझ पाहिली. क्लबच्या डेस्कवाली पोरगी म्हणते या वर्षीचे सगळे पॉइंट्स दिले तर ३०० डॉलर कमी होतील, बाकी रोख भरा. पोर्ट चार्जेस वेगळे, जहाजावरच्या स्टाफची टिप वेगळी, एक्सचेंज फी (पॉइंट्सच्या बदल्यात क्लबबाहेरचं बुकिंग करून देण्याची) वेगळी. आधी याच्या अर्ध्या पॉइंट्समध्ये एवढी सूट मिळत होती, जुन्या ब्रोशरमध्ये छापलेलं आहे माझ्याकडे. आणि मेंटेनन्स (क्लबची वार्षिक फी) तर दरवर्षी वाढूनच येते, यंदा २८ हजार अधिक जीएसटी. सगळ्यांचं असंच आहे का आम्हालाच गंडवून राहिले?

हिशेबी_बाबा
गंडवत नसतील भाऊ, हा धंदाच असा आहे. कागद घ्या. २८ हजारावर १८ टक्के जीएसटी धरला की ३३,०४०. ३०० डॉलर, ९० चा भाव धरा, २७ हजार. म्हणजे ३३ हजार भरून तुम्ही २७ हजाराचं कूपन विकत घेऊन राहिले, तेही एकाच दुकानात चालणारं. मेंबरशिप घेताना जे मोजले ते आणि एक्सचेंज फी तर अजून यात धरलेच नाहीत.

काऊन असं होते ते सांगतो. आरसीआय ही मेंबरांच्या सुट्ट्यांची अदलाबदल (एक्सचेंज) करून देणारी कंपनी १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तेव्हा मामला सरळ होता, तुमचा आठवडा मला, माझा तुम्हाला. खोल्या मेंबरांच्याच होत्या, एकाने सोडली की दुसऱ्याने घेतली, मधल्याला फी. जहाजावरची केबिन कोण्या मेंबरने सोडलेली नसते ना! क्रूझ कंपनीला प्रत्येक बर्थचे रोख पैसे पाहिजेत. मग एक्सचेंजवाले तुमचे पॉइंट्स घेतात, त्या बदल्यात हातात आलेली रिसॉर्टची खोली दुसऱ्याला देतात, आणि त्यातून जेवढं सुटेल त्यातलं थोडं तुम्हाला सूट म्हणून. वरून २०१४ मध्ये डॉलर साठीच्या आसपास होता, आता कुठे गेला पाहा. तुमची मेंटेनन्स रुपयात वाढते, क्रूझ डॉलरमध्ये महागते, आणि पॉइंट बिचारा दोन्हीकडून पातळ होत जातो.

मनीषनगरची_ताई
बाबांचा हिशेब बरोबर आहे, पण दादा आधी एक करा, डेस्कने सांगितलेली तारीख, तेच जहाज, तीच केबिन (आतली, खिडकीची, बाल्कनीची, फार फरक पडतो) कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकून पाहा. आम्ही पाहिलं तर डेस्कचा मूळ रेटच जास्त होता, म्हणजे सूट द्यायच्या आधी चढवलेला, वजा केल्यावर साइटच्या भावाला येऊन टेकला 😄 शिवाय साइटवर कधीकधी दुसऱ्या माणसाला अर्धं भाडं अशा ऑफर असतात, त्या पॉइंटवाल्यांना लागत नाहीत म्हणे.

टिपचं हलकं नका घेऊ. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं मी पाहिलं तेव्हा साध्या केबिनला माणशी दिवसाला १८.५० डॉलर होतं. दोघं, ४ रात्री, १४८ डॉलर. तुमची अर्धी सूट इथेच गेली. पोर्ट चार्जेस लहान पोराचेही पूर्ण लागतात. परदेशी टूर पॅकेज म्हणून बिल झालं तर टीसीएस (बिलासोबतच आगाऊ घेतात तो कर) पण कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तेव्हा खिशातून जातोच ना. आणि नागपूरहून सिंगापूरला सरळ विमान नाही, एक दिवस आधी पोचायचं म्हणजे हॉटेल आलं. पॉइंट्स या कशालाच चालत नाहीत.

धंतोली_ते_न्यूजर्सी
इकडेही हीच बोंब आहे. डिस्नेचा व्हेकेशन क्लब आहे, त्यात पॉइंट्सवर डिस्नेची क्रूझ करता येते, पण जुने मेंबर नवीन लोकांना पहिलं हेच सांगतात की क्रूझवर पॉइंट्स उडवू नका, पॉइंट्स दुसऱ्याला भाड्याने द्या आणि आलेल्या पैशातून क्रूझ रोखीने बुक करा. २१ मार्च २०११ नंतर कोणी रीसेलमध्ये (म्हणजे डिस्नेकडून नाही, जुन्या मेंबरकडून) पॉइंट्स घेतले असतील तर त्यावर क्रूझ मिळतच नाही. आपल्याकडच्या क्लबमध्ये भाड्याने देणं बहुतेक करारात बसत नाही, पण भावाला-साल्याला गेस्ट म्हणून पाठवता येते, फी असते थोडी.

बर्डीचा_बंड्या
अबे पण वहिनींना जहाजच पाहिजे ना, सिंगापूर थोडी पाहिजे. मुंबईहून कॉर्डेलियाची क्रूझ आहे, गोवा नाहीतर लक्षद्वीप करते, बॅलार्ड पियरवरून चढायचं. दुरांतोने रात्री निघा, सकाळी मुंबई. जहाज जुनं आहे, १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, पण जेवणात शाकाहारी-जैन सगळं मिळते आणि रुपयात भाडं. फक्त पावसाळ्यात ते मुंबईहून चेन्नईकडे हलवतात, तेव्हा तारीख पाहून घ्या. पॉइंट्स ठेवा दिवाळीच्या सुट्टीतल्या पचमढी-महाबळेश्वरला, तेव्हा खोलीचे रेट डोकं फिरवतात, तिथे पॉइंट वसूल होते.

वर्धारोडवाला
हौ, ताई, आत्ताच साइट पाहिली. बाल्कनी केबिन, तीच तारीख, डेस्कची सूट कापून जो आकडा निघतो त्याच्यापेक्षा साइटवर ११ हजाराने कमी आहे, तेही पॉइंट न देता!! हिला दाखवलं तर ही म्हणते मग इतकी वर्षं मेंटेनन्स कायले भरून राहिलो. ब्रोशरवर "एका वर्षाच्या पॉइंट्समध्ये क्रूझ" असं ठळक छापलंय, खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे, भिंग लावूनच वाचावं लागते. याच्यावर काही करता येते का?

कोर्टकचेरी
ब्रोशर जपून ठेवा, सेल्सवाल्याचा ईमेल-व्हॉट्सॲप असेल तर तोही. तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे, कधीकधी तेवढ्यानेच कंपनी फोन करते. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नागपुरातच तक्रार टाकता येते, कंपनी मुंबईची असो की बेंगळुरूची. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत टाकावी लागते, म्हणून मेंबरशिप घेतली ती तारीख नाही चालणार, आता क्रूझ नाकारली किंवा पॉइंट्स वाढवले त्याचं लेखी उत्तर डेस्ककडून मागून घ्या. फोनवर नाही, ईमेलवर.

करारात मेंटेनन्स वाढीचं कलमही वाचा. काही ठिकाणी वाढ महागाई निर्देशांकाला बांधलेली असते, काही ठिकाणी नुसतं "कंपनी ठरवेल". आणि रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवू नका बावा, बुकिंग ब्लॉक करतात, वर व्याज लावतात.

वर्धारोडवाला
ईमेल टाकला. साइटवरचं क्रूझचं भाडं रविवारपर्यंतच आहे, तर ते रोखीनेच बुक करून राहिलो. पॉइंट्स पुढच्या वर्षी कॅरी होतात का, याचं कोणाला माहीत असेल तर सांगा.