रायफलची नळी दर वेळी घासायची, की हात आवरायचा?

कृष्णाकाठ (सांगली): माझं मत स्पष्ट आहे. नेम बिघडतो तो नळीतल्या घाणीपेक्षा साफ करणाऱ्याच्या उत्साहानं. आमच्या रेंजवर पॉइंट टू-टूवाली (.२२ बोअरच्या रायफलवाली) पोरं रोज नळीत ब्रश घालतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या गोळ्या भलतीकडं, मग नेम धरायच्या साइटचे स्क्रू पिळत बसतात. अरे, टू-टूची गोळी उघड्या शिशाची, वर मेणाचा नाहीतर ग्रीसचा लेप. तो नळीत बसला की ग्रुप जमतो, म्हणजे गोळ्या एकाच जागी जवळजवळ लागतात. तोच तुम्ही खरवडून काढता! ५० मीटरवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर. ग्रुप फुटेपर्यंत नळीला हात लावू नये.

माजी_सुभेदार (सातारा): अजिबात पटलं नाही. फौजेत फायरिंगवरून आलं की आधी हत्यार, मग जेवण. फुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी, तेल. चिंदी पांढरी निघेपर्यंत सुट्टी नाही. तुमचं गणित सांगलीत चालत असेल. महाबळेश्वर-पाटणकडं जुलैत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) गंजाचे खड्डे पडले की ते कुठल्याच तेलानं भरत नाहीत.

कोयनाकाठचा: सुभेदारसाहेबांशी सहमत. घरात आजोबांची .३१५ बोअरची रायफल आहे, आता वडिलांच्या लायसन्सवर. (शिकारीचं विचारू नका. १९७२च्या कायद्यानं तो विषय मिटवला. पिकात घुसलेलं रानडुक्करसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.) जुन्या काडतुसांच्या टोपीतला (बुडाशी ठिणगी देणारा) मसाला जळला की नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो. तेलात क्षार विरघळत नाही. म्हणून आजोबा आधी उकळतं पाणी ओतायचे, नळी कोरडी करायचे, मगच तेल. लोक हसायचे, पण आटे आजही लख्ख आहेत.

कृष्णाकाठ: भावा, .३१५ आणि टू-टूला एकाच दावणीला बांधू नकोस. तुझ्या गोळीला धातूचं कवच, त्यातलं तांबं आट्यांत चिकटतं. ते काढायला अमोनियाचं सॉल्व्हंट लागतं, पॅच (पुसायची चिंदी) निळा निघतो. तिथं सफाई हवीच, मी कुठं नाही म्हणतोय? आणि सुभेदारसाहेब, राग नको, पण फुलथ्रूची दोरी तिरकी ओढली की नळीच्या तोंडाची कड एका बाजूनं झिजते. गोळी नळी सोडते ती तिथूनच. कड गेली की नेम गेला.

दहा_पॉइंट_चार (कराड): दोघंही टोकाला गेलात. २०२४ला स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, तेव्हापासून नवी पोरं रायफल हातात आली की पहिला हाच प्रश्न विचारतात. मी सांगते ते असं: रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा. सफाईचा रॉड एकसंध हवा, मागून घालायचा, तो सरळ ठेवणारं गाइड लावून. टू-टूत खरी कटकट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढं जमणाऱ्या कार्बनच्या कड्याची, तेवढं नियमानं काढा. बाकी नळीचं तुमची वही ठरवेल: सफाईनंतर किती गोळ्यांनी ग्रुप बसला, कधी फुटला, लिहून ठेवा. शिवाय ‘नळी गेली’ म्हणून रडत येणाऱ्यांचे स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू आधी तपासा. बऱ्याचदा तेच ढिले असतात.

माजी_सुभेदार: ताई, रॉडचं मान्य, दोरी बंद. वहीचं उन्हाळ्यात बघू. पावसाळ्यात मात्र गोळी झाडलेली असो-नसो, आठवड्याला तेलाचा हात फिरणारच.

दहा_पॉइंट_चार: फिरवा की. फक्त झाडायच्या आधी कोरडा पॅच घालून ते तेल पुसा, नाहीतर पहिली गोळी कृष्णाकाठ म्हणतात तशीच जाईल.

कृष्णाकाठ: आणि मॅचच्या आदल्या रात्री कुणीही ब्रश काढायचा नाही. यावर मी हटणार नाही.