मदत हवी आहे: दर फुल मॅरेथॉनला ३० किमीनंतर कोसळते, आणि क्लबात हळू धावायची सोय नाही

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

क्लबात येऊन साडेतीन वर्षं झाली. त्याआधी माझं धावणं म्हणजे सुटणारी बस पकडणं, एवढंच. आता तीन फुल (४२ किमीच्या मॅरेथॉन) झाल्या आहेत आणि तिन्हींची गोष्ट एकच.

पहिली: ४:३८ (पहिला अर्धा २:०४, दुसरा २:३४)
दुसरी: ४:३१ (१:५९ आणि २:३२)
तिसरी, गेल्या महिन्यातली: ४:३३ (१:५७ आणि २:३६)

पहिला अर्धा दरवेळी सुधारतोय, दुसरा जिथल्या तिथे. तिसऱ्या वेळी तर कमावलेली दोन मिनिटं त्याने व्याजासकट परत घेतली. हाफचा (अर्ध्या मॅरेथॉनचा) माझा पीबी, म्हणजे आजवरची सर्वोत्तम वेळ, १:५४ आहे. तो शर्यतीची वेळ वर्तवणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकला की फुलची वेळ ३:५७:४१ येते, सेकंदांसकट. ते ४१ सेकंद वाचून मला दरवेळी हसू येतं.

३१ व्या किमीला नक्की काय होतं ते सांगते. पाय दुखत नाहीत, धापही लागत नाही. नुसतं बळ जातं. नळाचं पाणी जायच्या आधी धार बारीक होत जाते ना, तसं. गेल्या वेळी ३४ च्या पाटीशी उभी राहून हिशेब करत होते: आठ किमी राहिलेत, सात मिनिटांनी एक, तर किती मिनिटं? उत्तर येईना. सात आठे छप्पन्न! शाळेत घोकलेला पाढा आठवत नव्हता. शेजारून जाणाऱ्या एका पेसरने (ठरलेल्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणाऱ्याने) "ताई, चालत चला, पण थांबू नका" म्हटलं, तेव्हा पाय हलले.

आता खरी अडचण. आमच्या क्लबात तीन गट आहेत: चार तासांच्या आतले, साडेचारवाले आणि नवे. दुसऱ्या फुलनंतर मला वरच्या गटात घेतलं. रविवारच्या लाँग रनपुढे तक्त्यात लिहिलेलं असतं, "सोपी धाव, गप्पा मारता आल्या पाहिजेत". पहिले चार किमी तसं होतंही. मग गटातले एक ज्येष्ठ सभासद हळूहळू पुढे सरकतात. फार नाही, अर्धा बूट. त्यांचा उजवा बूट कायम माझ्या डाव्या बुटाच्या अर्धी वीत पुढे. मी बरोबरीला आले की तो पुन्हा अर्धी वीत पुढे. कुणी काही बोलत नाही, पण घड्याळं किमीगणिक वाजतात आणि किमीमागची मिनिटं उतरत जातात: ६:२०, ६:०५, ५:५०. शेवटचे पाच ५:३५ ने. घरी पोचायच्या आत सगळं स्ट्रावा ॲपवर, आणि खाली "सोपी धाव" असं लिहून हसरा चेहरा.

माझे प्रश्न:
हे कोसळणं सरावातल्या वेगामुळेच आहे, की माझं दुसरंच काही चुकतंय?
आणि तसं असेल तर क्लब न सोडता हळू कसं धावायचं? साडेचारवाल्यांत परत जाणं म्हणजे नापास होऊन त्याच वर्गात बसल्यासारखं वाटतं. हसा हवं तर.

पुढची फुल १८ आठवड्यांवर आहे.

— सकाळची_गाडी

*

उंटावरचा_शहाणा:
विदा द्या हो. आठवड्याचे किमी, कुठल्या दिवशी काय, सर्वांत लांब धाव किती, शर्यतीत काय घेतलंत. वजनही सांगा, भोचकपणा म्हणून नव्हे, हिशेबासाठी.

सकाळची_गाडी:
मंगळवारी इंटरव्हल्स (जोरात-हळू आलटून पालटून), वॉर्मअप धरून ८ किमी. गुरुवारी टेम्पो (सलग जोरात) ७. रविवारी लाँग रन ३० च्या आसपास, गेल्या वेळी ३२ पर्यंत नेला होता. एकूण ४५. वजन ५८. शर्यतीत दोन जेल (धावताना घ्यायची कर्बोदकांची पाकिटं) घेतले, २० ला एक आणि ३० ला एक. पहिल्या फुलला एकही नाही, आणि तेव्हा सर्वांत लांब धाव २६ ची होती.

उंटावरचा_शहाणा:
धन्यवाद. आता तुमचाच तक्ता पुन्हा वाचा आणि त्यात सोपी धाव शोधून दाखवा.

नाही सापडणार. मंगळवार जोराचा, गुरुवार जोराचा, रविवार तुमच्या अर्ध्या बुटाने जोराचा केलेला. शिवाय ४५ पैकी ३० एकाच दिवशी. हा पाया नव्हे, एका खांबावरचा मांडव आहे.

कोसळण्याचा हिशेब असा. धावायला किलोमागे दर किमीला साधारण एक कॅलरी लागते. तुमच्या ५८ किलोला ४२.१९५ किमी म्हणजे साडेचोवीसशेच्या घरात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठतं ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. उरलेलं चरबीतून यायला हवं. चरबी सगळ्यांकडेच मुबलक असते, पण ती सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर ग्लायकोजेनकडे जास्त हात घालतं. पहिला अर्धा १:५७ ला काढलात तेव्हा तिजोरी वेगाने रिकामी होत होती, आणि भर किती घातलीत? दोन जेल, फार तर ५० ग्रॅम. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा नेहमीचा सल्ला आहे. किमान पाच जेल हवेत, पहिला पाऊण तासाच्या आत, पाण्याबरोबर. आणि हे आधी लाँग रनला करून बघा, शर्यतीच्या दिवशी पोटाला नवीन काही देऊ नका.

पाढा न आठवणं त्यातलंच असावं. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो, साखर उतरली की गणित डळमळतं. तुमचं डोकं ठिकाणावर आहे, काळजी नसावी.

तळ्यात_मळ्यात:
वरच्या प्रतिसादाला +१, पण कॅल्क्युलेटरबद्दल कुणी बोललं नाही. हे सूत्र पीट रीगेल नावाच्या अभियंत्याचं, १९८१ साली प्रसिद्ध झालेलं. अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८ पट, असा त्याचा अर्थ. हाफपर्यंत ते बऱ्यापैकी जुळतं. फुलला मात्र आठवड्याला ४५ किमी धावणाऱ्या हौशी माणसासाठी ते फार उदार आहे. त्यात गृहीत धरलंय की तुमचा सराव त्या अंतराला पुरेसा आहे. तो नाही.

माझा अडाणी नियम: हाफची वेळ दुप्पट करा आणि वर वीस मिनिटं घाला. तुमच्यासाठी ४:०८. म्हणून ४:१० धरून सुरुवात करा, ५:५५ चा पेस (किमीमागे लागणारा वेळ), अर्ध्यावर २:०५. ही वेळ तुमच्या पहिल्या फुलच्या अर्ध्यासारखीच दिसते, घाबरू नका. तेव्हा तुमची लांब धाव २६ ची होती आणि पोटात जेल नव्हता.

धडाडी:
मला हे सगळं फाजील लाडाचं वाटतं. हळू धावून माणूस हळूच होतो. मी दर रविवारी शर्यतीच्या पेसने ३० काढतो.

उंटावरचा_शहाणा:
@धडाडी, आणि तुमच्या फुलचे स्प्लिट (दोन्ही अर्ध्यांच्या वेळा)?

धडाडी:
तो विषय वेगळा आहे.

तळ्यात_मळ्यात:
:-))

तळ्यात_मळ्यात:
चेष्टा पुरे. @धडाडी, तुमच्यातही तथ्य आहे, शर्यतीच्या पेसची सवय लागावीच लागते. पण ती लाँग रनच्या शेवटच्या आठदहा किमीत, तीही एक रविवार सोडून. नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर यांनी अव्वल धावपटू, रोइंगवाले, स्कीवाले यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दहातली साधारण आठ सत्रं सोपी असल्याचं दिसलं. लक्षात घ्या, मिनिटं नव्हे, सत्रं. ताईंच्या तीन सत्रांत सोपी शून्य.

म्हणून पहिला बदल रविवारचा नाहीच. बुधवारी आणि शनिवारी ६-७ किमी एकट्याने धावा, पेस ६:४० किंवा त्याहून सावकाश. पूर्ण वाक्य मोठ्याने बोलता आलं पाहिजे. एकट्याने कशाला, तर बरोबर कुणाचा बूट नको.

पहाटवारा:
एक छोटी भर. रोजच्या कामातही थकवा जाणवत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. धावणाऱ्या बायकांत लोह कमी असणं नेहमीचं आहे. मी आठ महिने पेसला दोष देत होते.

शेपूट:
मी क्लबात सर्वांत शेवटी धावतो, मुद्दाम. नव्या गटात मागे कुणी राहू नये म्हणून एकाने थांबायचं असतं, ते काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

'मी आजपासून हळू धावणार' असं ठरवून त्याच गटात गेलात तर सातव्या किमीला ठराव मोडेल. मोडतोच. चार जण पुढे गेले की पाय आपोआप जातात, त्याला निश्चय पुरत नाही. काम मागून घ्या. साडेचारवाल्या गटाला रविवारी पेसर लागतो का, विचारा. बहुतेक लागतोच, कारण ते काम कुणाला नको असतं. एकदा का दहा माणसं तुमच्या घड्याळावर विसंबली की ६:३० म्हणजे ६:३०. तिथे तुम्ही नापास होऊन बसत नाही, शिकवायला जाता.

पेसरचं काम कमी समजू नका. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर रॉजर बॅनिस्टर मैल चार मिनिटांच्या आत धावला, ३:५९.४. पुढे ओढायला मित्र होते, आधी ख्रिस ब्रॅशर, मग ख्रिस चॅटवे. पहिल्याच फेरीत बॅनिस्टरला वाटलं आपण फार सावकाश चाललोय, आणि तो मागून ओरडला, जोरात! ब्रॅशरने ऐकलं नाही. ठरलेल्या वेगानेच धावत राहिला, आणि वेग बरोबरच होता. ताजे पाय खोटं बोलतात. पहिल्या दहा किमीत तुमचेही बोलतात, १:५७ हा त्याचाच पुरावा.

घोडं_पुढे:
धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

तो अर्धा बूट मी आहे. तुमच्या क्लबातला नव्हे, आमच्या. वय ५८. मला खरंच माहीत नव्हतं. एकाने मागून व्हिडिओ काढला आणि गटावर टाकला, त्यात दिसलं की मी कुणाच्याच बरोबरीने धावत नाहीये. दोन पावलं बरोबर, तिसरं पुढे. मला वाटायचं की बाकीचे वेग वाढवतायत आणि मी कसाबसा टिकून आहे.

कारण काय, तर भीती. पन्नाशीनंतर दरवर्षी वेळ थोडी घसरते आणि रविवारी पुढे असलं की ती घसरलेली दिसत नाही. तेव्हा तुमच्या त्या ज्येष्ठांना एकदा सरळ सांगून बघा. गटात नको, एकटे असताना. मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळची_गाडी:
@घोडं_पुढे, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. खूप आभार. मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं होतं.

सकाळची_गाडी:
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, सांगण्यासारखं आहे म्हणून.

फेरिटिन तपासलं, ठीक निघालं. बुधवार-शनिवार सुरू केले. पहिल्या बुधवारी ६:४० ने धावताना अक्षरशः लाज वाटत होती, समोरून कुणी आलं की बुटाची नाडी बांधायला बसत होते. दोनदा बांधली. आता होत नाही तसं.

रविवारी साडेचारवाल्यांची पेसर झाले. शेपूट म्हणाले तसंच, विचारल्यावर लगेच 'हो' मिळालं, इतकं लगेच की थोडं वाईटच वाटलं. पहिल्या रविवारी सहा जणांनी विचारलं, दुखापत झाली का? काय सांगणार! दुसऱ्या रविवारी एकाने पाचव्या किमीला मागून म्हटलं, "जरा वाढवू या का?" मला ब्रॅशर आठवला आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं. २८ किमी, सगळे ६:२५ ते ६:३५ मध्ये. शेवटच्या किमीला मी सतराचा पाढा म्हणून बघितला, पूर्ण आला. हा माझा नवा निकष.

ज्येष्ठांशीही बोलले, ताणण्याचे व्यायाम चालू असताना. म्हटलं, सर, रविवारी आपण दोघं जरा शर्यतच लावतो. ते म्हणाले, "मी? मी तर तुमच्यामागे धावत असतो." मग दोघंही हसलो. पुढच्या रविवारी वळणावर त्यांचा गट समोरून आला तेव्हा ते इतरांच्या ओळीत होते. शंभरेक मीटर. मग कुणाचं तरी घड्याळ वाजलं आणि ते निघाले.

एक अडचण उरलीय. पाच जेल न्यायचे कसे? कमरेचा बेल्ट वर सरकतो आणि बरगडीखाली घासतो, शॉर्ट्सच्या खिशात दोनच बसतात.

पहाटवारा:
बेल्ट कमरेवर नको, खाली हाडावर बांधा, बक्कल मागे. जेल आडवे ठेवा, उभे ठेवले की उड्या मारतात. आणि पहिला जेल हातातच धरा, तो पाऊण तासात संपणारच आहे.

उंटावरचा_शहाणा:
आणि रिकामं पाकीट खिशात. रस्त्यावर टाकलंत तर शेपूट उचलत येतील, त्यांचा पेस बिघडेल.

शेपूट:
उचलतोच आहे. गेल्या रविवारी सात.