हार्डस्टाइल, गॅबर, फ्रेंचकोअर... मला सगळं सारखंच का ऐकू येतं?

ठाकुर्ली_स्लो: मित्राने या फास्ट इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या प्रकारांची प्लेलिस्ट पाठवलीय, रोज ठाकुर्ली ते दादर तीच चालू असते, पण खरं सांगू का, मला सगळं एकच धाडधाड वाटतं. पोरं नावांवरून एवढी भांडतात म्हणजे काहीतरी फरक असणारच ना. कानाने ओळखायचं कसं?

टिपरूवाला: किक ऐक रे, म्हणजे तालातला तो जाड ठोका, बाकीचं सोड. ढोलावर टिपरू पडताना जो ‘टक’ लागतो तो वेगळा आणि मागून घुमत राहतं ते वेगळं, इथे पण तसंच. गॅबरवाल्यांनी रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक एवढी डिस्टॉर्ट केली की मागचा घुमारा फाटून त्यालाच सूर आला, मग वेगळा बास हवाच कशाला, किकच बास. स्पीड साधारण १६० ते १९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके. जुन्या हार्डस्टाइलमध्ये मात्र दोन किकच्या मधल्या जागेत बास उसळतो, त्याला रिव्हर्स बास म्हणतात, आणि स्पीड १५० च्या आसपास, म्हणून ते डुलत डुलत जातं.

शिवडी_सबवूफर: गॅबर म्हणजे डच बोलीत दोस्त बरं का, यिद्दिशमधून आलेला शब्द. गॅबर म्हटलं की सगळे रॉटरडॅम रॉटरडॅम करतात पण फ्रँकफर्टला विसरतात, मार्क अकार्डिपाने या प्रोड्यूसरचा ‘वी हॅव अराइव्ह्ड’ हा ट्रॅक तिथलाच, १९९०च्या सुमाराचा. रॉटरडॅमने मग त्याला गर्दी दिली, डोक्याचा गोटा आणि ट्रॅकसूट घातलेली पोरं. इंग्लंडवाल्यांनी तुटक ब्रेकबीट, म्हणजे सरळ धाडधाड न जाणारा ड्रमचा ताल, धरून ठेवला, त्यात पियानो आणि चिरक्या आवाजातली गाणी घातली, त्यातूनच हॅपी हार्डकोअर. मला दहा मिनिटांत दात आंबल्यासारखं होतं, पण लोकांना आवडतं. जपानवाले तर ॲनिमे नि गेमचे आवाज पण कोंबतात.

ठाकुर्ली_स्लो: आणि फ्रेंचकोअर? त्यात पण मधेच बास येतोय असं वाटतं, मग ते हार्डस्टाइलच झालं की

टिपरूवाला: बास मधे येतो हे बरोबर पकडलंस, पण स्पीड बघ, २०० च्या आसपास, आणि किक कशी कडक फाटलेली असते. हार्डस्टाइलवर नाचता येतं, यावर नुसतं पळता येतं 😄 बाय द वे ऐकतोस कशावर?

ठाकुर्ली_स्लो: स्टेशनबाहेरून घेतलेला इअरफोन, शंभरचा. एकच बाजू चालू आहे

शिवडी_सबवूफर: अरे मग तुला फक्त टिपरूच ऐकू येतंय, ढोल कुठून येणार 🤦