मदत हवी आहे : जंगल आणि गायरान यांच्या मातीतील जिवाणूंची तुलना कशी करावी?

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. किनवट परिसरातील सागवानी जंगल आणि त्याला लागून असलेले, पूर्वी जंगलच असलेले गायरान यांच्या मातीतील जिवाणूंची तुलना विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, असा विचार आहे. मात्र नमुने कसे घ्यावेत, याबाबत मार्गदर्शन हवे आहे.

ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातील रोंडोनिया राज्यात जंगल तोडून, जाळून केलेल्या कुरणांच्या मातीचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुरणातल्या एकेका ठिकाणी जिवाणूंचे प्रकार जंगलापेक्षा अधिकच आढळले. परंतु एका ठिकाणची माती आणि लांबच्या दुसऱ्या ठिकाणची माती यांतला फरक मात्र घटला, कारण जंगलातील ठरावीक जागीच आढळणारे जिवाणू नाहीसे झाले आणि सर्वत्र तग धरणारे पसरले. प्रत्येक गावच्या आठवडी बाजारात माल वाढावा, पण सगळ्या बाजारांत तोच माल दिसावा, असा हा प्रकार आहे. म्हणूनच दोन-चार नमुने घेऊन प्रकार मोजले, तर जंगलतोडीने विविधता वाढली असा उलटा निष्कर्ष निघण्याची भीती वाटते.

दुसरी शंका कारणाविषयी आहे. ॲमेझॉनची माती आम्लधर्मी असते; जाळलेल्या झाडांच्या राखेमुळे तिचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आम्लता घटते, विद्राव्य ॲल्युमिनियम कमी होते, आणि आम्लधर्मी मातीत रमणारे जिवाणू मागे पडतात. आपली काळी माती मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असल्याने राखेचा हा परिणाम इथे फारसा संभवत नाही. शिवाय तिथे आफ्रिकी गवत मुद्दाम पेरतात. आपल्या गायरानावर जे उगवते तेच गुरे खातात. मग पालापाचोळा नाहीसा होणे, खुरांनी जमीन घट्ट होणे आणि शेण पडणे एवढ्यानेच तसा एकसारखेपणा येईल का?

तिथल्या जंगलाची माती हवेतील मिथेन शोषते, तर कुरणाची माती तो सोडते, असेही आढळले आहे. महाविद्यालयाच्या पातळीवर हे मोजणे शक्य आहे का?

प्रतिसाद :

सर, जंगल आणि गायरान यांआधी मातीची जोडी जुळवा. आपल्याकडे जंगल बहुधा डोंगरउतारावरच्या उथळ, मुरमाड जमिनीवर उरले आहे आणि सपाटीवर खोल काळी माती आहे. या दोन्हींची तुलना केल्यास दिसणारा फरक जंगलतोडीचा की मुरमाचा, हे कधीच सांगता येणार नाही. एकाच उताराच्या आणि एकाच खोलीच्या जागा मिळाल्या नाहीत, तर प्रकल्पाचा विषय बदललेला बरा.

अंतराबाबतची आपली शंका रास्त आहे. एका चौकोनात लहान, त्यात आणखी लहान चौकोन आखून काही सेंटिमीटरपासून शंभर मीटरपर्यंतच्या अंतरांवर नमुने घ्यावेत आणि असे चौकोन दोन्हीकडे अनेक ठिकाणी ठेवावेत. सगळे नमुने वेगवेगळे तपासा. खर्च वाचवण्यासाठी ते एकत्र मिसळले, तर आपल्याला जो फरक शोधायचा आहे तोच मिसळून जाईल. एकसारखेपणा येईल का, याचे उत्तर याच मांडणीतून मिळेल. मी आधीच अंदाज बांधणार नाही.

नमुने एकाच हंगामात घ्या, कारण कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडताच जिवाणूंची हालचाल एकदम वाढते. जिवाणूंचे प्रकार ओळखण्यासाठी मातीतून डीएनए काढावा लागतो; काळ्या मातीतील चिकणमाती तो धरून ठेवते, त्यामुळे तो कमी मिळतो. दोन-तीन नमुन्यांवर डीएनए काढण्याची पद्धत आधी पडताळून पाहा. मिथेनसाठी जमिनीवर बंद पेटी ठेवून ठरावीक वेळाने सिरिंजने हवा काढता येते, परंतु त्या हवेतील मिथेन मोजणारे वायू वर्णलेखक यंत्र (गॅस क्रोमॅटोग्राफ) उपलब्ध नसेल, तर तो भाग वगळावा. सामू, सेंद्रिय कर्ब आणि मातीची घनता मात्र प्रत्येक नमुन्यासाठी नोंदवाच.