‘असिंक्रोनस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: वेबपानावर भरलेला अर्ज जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेने पाठवण्याविषयी मराठीत लिहीत आहे. ‘असिंक्रोनस’साठी ‘असमकालिक’ हा शब्द घेतला, पण त्यातून वाचकाला काहीच उमगत नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर: ‘असमकालिक’ हा मूळ ग्रीक घटकांना धरून केलेला शब्द आहे, परंतु आपल्या कानांना ‘समकालीन’ची सवय असल्यामुळे तो ऐकून वेगवेगळ्या शतकांतली माणसे आठवतात. येथे प्रश्न खोळंब्याचा आहे. साधा अर्ज ‘सबमिट’ केला की सर्व्हरचे उत्तर नवे पान होऊन येते आणि आधीचे पान जाते. याउलट सबमिटच्या वेळी ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने ब्राउझरची ही नेहमीची कृती रोखून ‘फेच’ या जावास्क्रिप्टच्या सोयीने माहिती पाठवली, तर पान जागेवर राहते, भरणाऱ्याला त्यावर वावरता येते आणि उत्तर सर्व्हरच्या सवडीने येते. म्हणून वाक्यात ‘अर्ज बिनखोळंबा पाठवणे’ असे लिहावे, असे मला वाटते. संज्ञा म्हणून मात्र ‘असिंक्रोनस’ राहू द्यावे. जेसी जेम्स गॅरेट यांनी 2005 साली या तंत्राला दिलेल्या ‘एजॅक्स’ या नावातला पहिला ‘ए’ त्याचाच आहे.

माझ्या मते याहून जास्त जपून वापरायचा शब्द ‘रिस्पॉन्स’, म्हणजे सर्व्हरचे उत्तर, हा आहे. कचेरीत आवक खिडकीवर अर्ज दिला की शिक्क्याची पोच मिळते, पण पोच मिळाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे कोणी मानत नाही. ‘फेच’चेही तसेच आहे: सर्व्हरने 404 (मागितलेले सापडले नाही) किंवा 500 (सर्व्हरमध्येच बिघाड) कळवले तरी त्याचे ‘प्रॉमिस’, म्हणजे उत्तर आणून देण्याचे वचन, पूर्ण होते, आणि जोडणी तुटून उत्तर हातीच आले नाही तर ते मोडते. मी केलेल्या एका नोंदणी अर्जात हा फरक सुटला होता; सर्व्हर 500 देत असतानाही पडद्यावर ‘नोंदणी झाली’ असे झळकत राहिले आणि लोक निर्धास्त होऊन निघून गेले. तेव्हापासून ‘ओके’ हा गुणधर्म, म्हणजे उत्तराचा क्रमांक 200 ते 299 मध्ये आहे की नाही, हे तपासल्याशिवाय मी ‘झाली’ हे क्रियापद लिहीत नाही. तोवर ‘पाठवत आहोत’ असे लिहून बटण बंद ठेवतो, नाहीतर तोच अर्ज दोनदा जातो.

प्रश्न: मग ‘फेच’चे उत्तर येईपर्यंत पुढची ओळ रोखून धरणाऱ्या ‘अवेट’ या शब्दाला ‘थांबणे’ म्हणावे का?

उत्तर: ‘वाट पाहणे’ म्हणावे. ‘थांबणे’ म्हटले की सगळेच अडले असे वाटते. प्रत्यक्षात ‘अवेट’ ज्यात लिहिले ते एकच फंक्शन (सूचनांचा गट) उत्तराची वाट पाहत असते आणि बाकीचे पान चालू असते.