शलगमाचे कंदील सोपे नव्हते

ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाला चेहरा कोरून आत मेणबत्ती लावलेला कंदील करतात; त्यासाठी आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी शलगम सोडून भोपळा धरला, हे बरोबर आहे. मात्र त्यामुळे मूळ शलगमाचा कंदील म्हणजे भोपळ्याच्या कंदिलाची छोटी आवृत्ती होती, असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. भोपळा आतून मुळात पोकळच असतो, बिया आणि धागे काढले की काम निम्मे होते. शलगम पूर्ण भरीव असतो. गेल्या ऑक्टोबरात मी एक कोरून पाहिला, तेव्हा गर खरवडताना स्टीलचा चमचा वाकला, मनगट भरून आले आणि पणतीएवढी पोकळी व्हायला तासाहून अधिक वेळ गेला. पण मेणबत्ती लावल्यावर त्या पांढुरक्या सालीतून जो फिकट, आजारी उजेड बाहेर आला, तो केशरी भोपळ्यात कधीच दिसत नाही.

आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातील शाखेत डोनेगल परगण्यातल्या फिनटाउन गावच्या अशा कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, ती आवर्जून पाहावी. मूळ कंदील फिनटाउनच्या एका शिक्षिकेने १९४३ साली संग्रहालयाला दिला होता आणि तेव्हाच त्या भागात असे कंदील करणारे कोणी उरले नव्हते. शलगम सुकून मोडकळीला आला होता, म्हणून साचा घेतला गेला. त्याचा आक्रसलेला, सुरकुतलेला चेहरा खरोखरच प्रेताचा वाटतो. भोपळ्यावरचे हसू फार नंतरचे.